डब्लिनहून बेळगावला परतताय? आधी एक पावसाळा भाड्याच्या घरात काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोळा वर्षं आयर्लंडात काढून हे गृहस्थ पुढच्या मे महिन्यात बायकामुलांसह परत येणार आहेत. आईवडील शहापुरात, गल्लीतल्या जुन्या घरात. दोघांचीही सत्तरी उलटली आहे. पत्नीचं माहेर कोल्हापूर. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ. नोकरी डब्लिनच्याच कंपनीत, पण घरून. डोळ्यांसमोर पाच ठिकाणं: टिळकवाडीत फ्लॅट, हिंडलग्याच्या पुढे प्लॉट घेऊन बंगला, जांबोटीकडे फार्महाऊस, निपाणी, नाहीतर सरळ कोल्हापूर. ‘यातलं कोणतं? आणि आत्ताच बुकिंग करून ठेवू का?’

मी सिव्हिल इंजिनिअर. घरं बांधतो, जुन्या घरांचं मूल्यांकन करतो, आणि घ्यायच्या आधी कुणी बोलावलं तर घर बघायला जातो. मधली सहा वर्षं मस्कतला होतो, त्यामुळे परत येणाऱ्याच्या डोक्यात काय शिजत असतं ते ठाऊक आहे. तुम्ही लिहिलेल्या पाच ठिकाणांपैकी चार ठिकाणी मी लोकांना घरं बांधून दिली आहेत. पाचव्या ठिकाणी एकदा नको म्हणून सांगितलं, त्याचं पुढे येईलच.

उत्तर आधी देतो. बुकिंग करू नका. टोकन म्हणून एक युरोसुद्धा पाठवू नका. शहापूरच्या घरापासून दोन-अडीच किलोमीटरच्या आत, म्हणजे टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर या पट्ट्यात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घर घ्या. जून ते सप्टेंबर तिथे काढा. दिवाळीनंतर विकत घ्यायचं बोलू.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘टिळकवाडी तशी शांत आहे.’ तुम्ही गेलात तेव्हा होती. आता संध्याकाळी सहाला पहिल्या नाहीतर दुसऱ्या रेल्वे गेटापाशी उभे राहा. गेट पडलेलं, दोन्ही बाजूंना रिक्षा, स्कूलबस, दुचाक्या. गेट उघडलं की दोन्हीकडचे एकदम घुसतात आणि मध्येच अडकतात. तिसऱ्या गेटावर पूल झाला, पण घर कोणत्या बाजूला आणि शाळा कोणत्या बाजूला हा टिळकवाडीत अजूनही फार मोठा प्रश्न आहे. बाकी व्हॅक्सिन डेपोची झाडं तशीच आहेत. सकाळी सहाला तिथे अर्धं टिळकवाडी फिरत असतं, आणि भाड्याच्या घरांची खरी बातमी एजंटाआधी तिथेच कळते. तुमच्या वडिलांना आठवडाभर तिकडे फिरायला पाठवा.

आता पाऊस. बाहेरून येणारे लोक बहुतेक डिसेंबरात सुट्टी काढून येतात आणि डिसेंबरात घर बघतात. डिसेंबरात बेळगावातलं कोणतंही घर छान दिसतं. थंडी, निळं आकाश, भिंतींना नुकताच दिलेला रंग. मी घर बघायला जातो तो ऑगस्टात. पश्चिमेची भिंत हाताने चाचपतो, कारण आपल्याकडे पाऊस तिकडून मारतो. बाथरूमच्या मागच्या भिंतीला प्लास्टर फुगलंय का बघतो, गच्चीवर पाणी कुठे साचतंय ते बघतो. ऑगस्टात घर खोटं बोलू शकत नाही.

आणि नाल्याकडचं घर असेल तर आणखी बारीक बघावं लागतं. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या कुटुंबाने मला अनगोळच्या बाजूला घर दाखवायला नेलं. फेब्रुवारी होता. घर नीटनेटकं, मालकीणबाई बोलायला गोड, चहाबरोबर कुंदासुद्धा आला. मी बैठकीत बसलो आणि नजर कपाटाखाली गेली. कपाटाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा. स्वयंपाकघरात फ्रिजखाली लाकडी ओंडके. आतल्या खोलीत पलंगाच्या पायांखालीही विटा. विचारलं, ‘या विटा कशाला हो?’ बाई म्हणाल्या, ‘पुसायला बरं पडतंय की.’ मागच्या दारी गेलो तर बाहेरच्या भिंतीवर गुडघ्याच्या खाली एक तपकिरी रेघ, रंगातूनही उठलेली. शेजारच्या आजोबांना विचारलं तर ते सरळ म्हणाले, ‘दोन हजार एकोणीसला पाणी इथवर आलतं.’ व्यवहार तिथेच संपला. फोटोंमध्ये त्या विटा कधीच दिसल्या नसत्या.

बळ्ळारी नाला शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारातून जातो. जोराचा पाऊस लागला की शिवार पाण्याखाली जातं, भाताचं रोप कुजतं, शेतकरी पुन्हा लावणी करतात. ही काळी जमीन आहे. बासमतीला उत्तम, घराला कठीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया हलवते. अशा जमिनीत बांधताच येत नाही असं नाही. पाया खोल न्यावा लागतो, पाइल घ्यावे लागतात, खर्च वाढतो. पण तो खर्च कुणी दाखवत नाही, भेगा दाखवतात, त्याही तीन वर्षांनी. याउलट पश्चिमेला, हिंडलगा-गणेशपूरच्या बाजूला, तांबडी माती आणि जांभा. जमीन उंच, पाणी निघून जातं. म्हणून तुमचा हिंडलग्याकडचा विचार जमिनीच्या दृष्टीने चुकीचा नाही. तिथली अडचण कागदाची आहे, आणि कागदावर मला जरा जास्त बोलू द्या, कारण यात माझे स्वतःचे हात पोळले आहेत.

मस्कतला असताना मीही फोटोवर प्लॉट घेतला होता. सिव्हिल इंजिनिअर असून! चार गुंठे, रस्त्याला लागून, मागे काजूची झाडं. एजंट नात्यातलाच, नाव घेत नाही. शंभर रुपयांच्या बाँडवर करार झाला, पैसे गेले, मला त्याची स्कॅन केलेली प्रत आली आणि मी खूश. परत आल्यावर पहाणी, म्हणजे इथला सातबारा, काढली तर जमीन अजून शेतीच, बिनशेती झालेलीच नाही, आणि उताऱ्यावर विकणाऱ्याबरोबर आणखी पाच नावं. त्यातल्या दोन त्याच्या बहिणी, त्यांना व्यवहाराची गंधवार्ता नव्हती. पुढची नऊ वर्षं मी दर दोन महिन्यांनी कोर्टाची पायरी चढलो. शेवटी तडजोड झाली. मुद्दल परत मिळालं, व्याज नाही. काजू खाल्ले ते शेजाऱ्यांनी.

बाँडवरच्या कराराने मालकी येत नाही, नोंदणी झालेल्या खरेदीखतानेच येते. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी वेंगुर्ला रोडवर आजही असे प्लॉट विकले जातात, कारण स्वस्त असतात. हिंडलगा, सुळगा, उचगाव ही गावं महापालिकेच्या बाहेर, ग्रामपंचायतीत आहेत. तिथे एजंट म्हणेल, ‘नऊ-अकरा आहे की साहेब.’ म्हणजे पंचायतीचे फॉर्म ९ आणि ११. तेवढ्यावर भागवू नका. कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खालचा बिनशेती आदेश मागा. लेआउटला बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी असेल तर मंजूर नकाशा मागा आणि नकाशातला रस्ता जमिनीवर पायाने चालून बघा. नोंदणी कार्यालयातून निदान तीस वर्षांचं ईसी, म्हणजे जमिनीवरचे बोजे आणि व्यवहार दाखवणारा दाखला, काढा. शहरात घेत असाल तर ई-खाता, म्हणजे महापालिकेच्या मालमत्ता नोंदीचा ऑनलाइन उतारा, हवाच. त्याशिवाय आता नोंदणी होत नाही. ‘बी-खाता (नियमात न बसणाऱ्या मालमत्तेची नोंद) आहे, पुढे ए होईल’ असं कुणी म्हणालं तर म्हणा, झाल्यावर या. आणि उचगाव-तुरमुरीच्या बाजूला काहीही घेण्याआधी रिंगरोडची आखणी तपासा. शेतकऱ्यांचा विरोध आहे, काम कधी होईल ते होईल, पण आखणीत आलेला गट घेऊन तुम्ही बंगला बांधू शकणार नाही. हलगा-मच्छे बायपासचं शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांना किती वर्षं पुरलं ते तुमच्या वडिलांना विचारा, ते जास्त चांगलं सांगतील.

हे सगळे कागद कन्नडमध्ये असतात. बाजारात, भाजीला, रिक्षात, डॉक्टरकडे तुमचं मराठी चालेल. कचेरीत कागद कन्नडच येणार. सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचून मराठीत सांगणारा माणूस जवळ हवा, आणि तो विकणाऱ्याने आणलेला बाँड रायटर नको. स्वतःचा वकील करा. इथल्या वकिलांना दोन्ही भाषा येतात, त्यांची फी प्लॉटच्या किमतीपुढे काहीच नाही.

परदेशात बसून मुखत्यारपत्र करून भावाच्या हातून घेऊ, असंही तुम्ही सुचवलं आहे. करता येतं. डब्लिनच्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावं लागतं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. पण मुखत्यारपत्राने सही होते, घर बघून होत नाही. त्या कपाटाखालच्या विटा भावाच्या लक्षात येतील याची काय खात्री?

जांबोटीबद्दल. तिथे मी नकार दिला होता. एक गृहस्थ, तुमच्यासारखेच परतलेले, त्यांना ओढ्याकाठी लाकडी घर हवं होतं. कल्पना सुरेख. पण खानापूरच्या पश्चिमेचा पाऊस म्हणजे शहराचा पाऊस नव्हे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथे पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. वादळात झाड तारेवर पडलं की वीज जाते, आणि ते झाड जंगलात आहे म्हणून माणसं पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. तुमची नोकरी इंटरनेटवर आहे. शिवाय भीमगड अभयारण्याचा परिसर, वनखात्याच्या हद्दी, जुन्या लीजच्या जमिनी. कोणता गट खाजगी आणि कोणता नाही हे उताऱ्यावरून नेहमी कळत नाही. त्या गृहस्थांना मी म्हटलं, आठवड्याला एक दिवस जायला झोपडी बांधून देतो, राहायला घर बांधून देणार नाही. ते रागावले.

एक गोष्ट मात्र खरी आहे. जमीन सुधारणा कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. महाराष्ट्रात अजूनही खातेदार शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. पण अनिवासी म्हणून तिकडे असताना शेतजमीन, फार्महाऊस, मळा यातलं काहीच विकत घेता येत नाही. फेमाचा, म्हणजे केंद्राच्या परकीय चलन कायद्याचा, नियम आहे, दोन्ही राज्यांना सारखाच. वारशाने आलेली चालते. तुम्ही कायमचे इथे राहायला आलात की गोष्ट बदलते. तेव्हा जांबोटीवाल्याने ‘आत्ता घ्या, नंतर नावावर करू’ म्हटलं तर फोन ठेवून द्या. तुमचा पासपोर्ट आयरिश झाला असेल तर ते आधी मला कळवा, सगळं गणितच वेगळं मांडावं लागेल.

आता कोल्हापूर आणि निपाणी. वहिनींचं माहेर जवळ हवं ही मागणी रास्त आहे. नवरे मंडळी ती यादीत शेवटी लिहितात, तुम्हीही तेच केलं आहे. कोल्हापूरच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. कागद मराठीत. मुलांची शाळा मराठी किंवा इंग्रजी, कन्नडचा प्रश्न नाही. नोंदणीचा खर्चही कमी: महाराष्ट्रात नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये, कर्नाटकात ती ३१ ऑगस्ट २०२५ पासून एकाची दोन टक्के झाली आणि तिला अशी मर्यादा नाही. ऐंशी लाखांच्या फ्लॅटला तिकडे ३०,००० आणि इकडे १,६०,०००. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे वेगळं द्यायचंच. तिकडे बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलतही मिळते.

तरीही मी तुम्हाला कोल्हापूर सुचवणार नाही, आणि त्याचं कारण यमगर्णी. बेळगाव-कोल्हापूर अंतर एकशे दहा किलोमीटरच्या आसपास, एरवी दोन तासांत माणूस पोचतो. पण २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं. रस्ता बंद. एक-दोन तास नव्हे, काही दिवस. ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या आणि कोल्हापुरात बसलेली मुलं बेळगावातल्या आईबापांना फोनवर औषधांची नावं सांगत होती. तुम्ही सोळा वर्षांनी परत येताय ते आईवडिलांसाठी, असं तुम्हीच पहिल्या ओळीत लिहिलं आहे. मग त्यांच्या आणि तुमच्या मध्ये पुराची नदी कशाला ठेवता?

निपाणी हा मधला तोडगा वाटतो, पण मला तो दोन्हीकडून अर्धवट वाटतो. गाव सगळं मराठी, बाजारपेठ तंबाखूच्या जुन्या पैशावर उभी, कोल्हापूर तासाभरात. पण राज्य कर्नाटक, म्हणजे कागद आणि शाळेतलं कन्नड आहेच, आणि आईवडील पुन्हा पाऊणशे किलोमीटर लांब. ज्यांची शेती किंवा धंदा तिथे आहे त्यांनी निपाणीत जरूर राहावं.

तुम्ही न लिहिलेला सहावा पर्याय मला बरेच जण विचारतात: शिनोळी. वेंगुर्ला रोडने हद्द ओलांडली की चंदगड तालुका, महाराष्ट्र. पत्ता महाराष्ट्राचा, बाजार बेळगावचा, गाडी एमएच-०९. ऐकायला चतुर वाटतं. पण रात्री दोनला वडिलांच्या छातीत दुखलं तर तुम्ही गाडी बेळगावकडेच वळवणार, आणि सीमेवर वातावरण तापलं की पहिल्यांदा बंद होतात त्या दोन्ही राज्यांच्या बस. गाडीचं म्हणाल तर, नंबर कुठलाही असो, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथे नोंदवावी लागते. इथे कित्येक एमएच-०९ वर्षानुवर्षं फिरतात आणि वर्षातून दोनदा अडवले जातात. तुम्ही केए-२२ घ्या, कर जास्त जाईल, डोकं शांत राहील.

दवाखाना बोललोच आहोत तर: केएलईचं मोठं रुग्णालय नेहरूनगरला, शहराच्या उत्तर टोकाला. शहापूर दक्षिणेला. मध्ये सगळं शहर. संध्याकाळच्या वेळी वडिलांना घेऊन एकदा तुम्ही स्वतः गाडी चालवत जाऊन या, घड्याळ लावून. हिंडलग्याच्या पुढे बंगला बांधलात तर तुम्ही शहापुरापासून लांब, आणि शहापूर रुग्णालयापासून लांब; प्रत्येक वेळी आधी त्यांना आणायला उलटं यायचं आणि मग पुढे जायचं. मी भाड्याच्या घराची मर्यादा दोन-अडीच किलोमीटर घातली ती यासाठी.

मग सरळ शहापूरच्या घरातच का राहू नये? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, आई मात्र नक्की विचारतील. तुमचं काम डब्लिनच्या घड्याळावर चालणार. हिवाळ्यात आपण साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे तुमच्या मीटिंगा आपल्या दुपारपासून रात्री दहापर्यंत. गल्लीत संध्याकाळी सातनंतर काय असतं ते आठवा. गणपतीचे अकरा दिवस मंडळाचा स्पीकर, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत, शिवजयंतीचे चित्ररथ, कुणाच्या घरची वास्तुशांत. हे सगळं आपलं आहे आणि मला ते हवंच असतं, पण स्क्रीनवर गोऱ्या साहेबाला त्रैमासिक आकडे सांगताना नको. शिवाय गल्लीतल्या घराची एक भिंत शेजाऱ्याची, जिना उभा, संडास मागे परसात. आईवडिलांना ते सोडायला लावू नका. तुम्ही जवळ राहा, जेवायला तिकडे जा.

भाड्याचं घर बघताना पाण्याचं विचारा. शहराच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी येतं, काहींत काही दिवसांआड. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंनाही फरक असतो. मालक ‘पाण्याचा प्रॉब्लेम नाही’ म्हणतात, त्याचा अर्थ अंगणात विहीर आहे किंवा टँकरवाल्याचा नंबर आहे. विहीर असेल तर ते घर मी आधी बघेन. बेळगावच्या जुन्या विहिरींनी अनेक उन्हाळे तारले आहेत.

शाळेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तुमचं घर शेवटी त्यावरच ठरणार आहे. मुलगा तिसरीत येईल. त्याला कन्नड शिकवा, मित्रांबरोबर खेळता खेळता तो वर्षभरात तुमच्यापुढे जाईल. मुलीचं वेगळं आहे. ती आठवीत येणार, आणि २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कन्नड शिकवणं बंधनकारक आहे, मग बोर्ड कुठलंही असो. आठवीत नवीन लिपीपासून सुरुवात करणं तेरा वर्षांच्या पोरीला सोपं नाही. त्यात आयर्लंडहून आलेली, मैत्रिणी तिकडे राहिलेल्या. येत्या डिसेंबरात सुट्टीवर आलात की प्लॉट बघायच्या आधी तीन शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटा, आणि एकच विचारा: बाहेरून आठवीत येणाऱ्या मुलीला कन्नडसाठी तुम्ही काय करता? जिथे नीट उत्तर मिळेल त्या शाळेच्या जवळ घर भाड्याने घ्या. रेल्वे गेटाच्या त्याच बाजूला.

आणि मुलांचा पासपोर्ट कुठला ते तुम्ही लिहिलेलंच नाही. ती ओसीआय, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेली भारतीय वंशाची कार्डधारक, असतील आणि कार्ड मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतरचं असेल, तर वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशाला ती अनिवासी भारतीयांच्या रांगेत बसतात, फक्त भारतीय नागरिकांसाठीच्या जागांवर त्यांचा हक्क नाही. मग बेळगावात राहा की कोल्हापुरात, त्याने फारसा फरक पडत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर मात्र पडतो. कर्नाटकातल्या सरकारी जागेसाठी साधारणपणे राज्यात सात वर्षं शिकलेलं असावं लागतं. मुलगी आठवी ते बारावी इथे शिकली तरी पाचच होतात. आईबापांच्या इथल्या शिक्षणावर आधारलेली काही वेगळी कलमं आहेत, म्हणून तुमचे स्वतःचे पहिलीपासूनचे शाळेचे दाखले आत्ताच गोळा करून ठेवा. जुन्या मराठी शाळांची दप्तरं शोधायला वेळ लागतो. दुसरीकडे महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना तिथल्या सीईटी प्रवेशात सीमाभागातले उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. कोर्टातला दावा २००४ पासून पडून आहे, पण त्या यादीने इथल्या कित्येक पोरांना पुण्या-मुंबईच्या कॉलेजात पोचवलं आहे. कोल्हापुरात राहायला गेलात तर हा दरवाजा तुम्हाला उघडत नाही. बेळगावात राहिलात तर उघडू शकतो. एजंट हे सांगणार नाही.

आयकराचं मी बोलत नाही, तो सीएचा प्रांत. परतल्यावर पहिली काही वर्षं तुमचा दर्जा काय राहतो आणि तिकडच्या पैशाचं काय होतं, हे तिकीट काढण्याआधी त्याला विचारा, नंतर नको.

राहता राहिलं शहापूरचं घर. ते कुणाच्या नावावर आहे हे तुमच्या पत्रात नाही, आणि माझ्या अनुभवात परतणाऱ्या दहांपैकी सात जणांना ते माहीत नसतं. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, मग मुंबई राज्यात, आणि १९५६ पासून इकडे. त्यामुळे एकाच घराचे कागद तीन प्रकारचे निघतात: पणजोबांचं मोडीतलं खरेदीखत, आजोबांचा मराठी उतारा, वडिलांची कन्नड घरपट्टी. घरपट्टी वडिलांच्या नावाने येते म्हणून घर त्यांचं असं होत नाही. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबाच असतील तर काका आणि आत्या सगळे त्यात आले. वडील धडधाकट आहेत, आत्या बोलत्या आहेत, तोवर ही वारसा नोंद करून घ्या. डिसेंबरातल्या सुट्टीचे पहिले दोन दिवस त्यालाच द्या. वडिलांना म्हणावं लोखंडी ट्रंकेतली पिशवी काढून ठेवा. मोडीचा कागद असेल तर घडीवर फाटेल, उलगडू नका, तसाच आणा. वाचणारा माणूस मी गाठून देतो.